गाळाचा जाहीर सत्कार

ओझरला उडणाऱ्या वस्तूंचं अप्रूप नाही. १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आमच्या उशाशी आहे. आधी मिग झाली, मग सुखोई. २०२५ साली मिग-२१ वायुदलातून निवृत्त झालं, तरी आमचा पत्ता अजून ‘ओझर मिग’च. एक विमान आकाशात जायला किती आराखडे, चाचण्या, सह्या आणि शिक्के लागतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणूनच आमच्याच निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरला, हजारो पाखरं दर हिवाळ्यात एकाही सहीशिवाय उतरतात, हे आम्हाला बेकायदेशीर वाटतं.

चौकशी केली तेव्हा कळलं की, सगळं प्रकरणच अनधिकृत आहे. गोदावरी-कादवा संगमापाशी इंग्रजांनी बंधारा घातला तो कालव्यांसाठी, खाली कोपरगाव-राहात्याकडची शेती भिजावी म्हणून. पाखरांचा त्यात कुठेच विचार नव्हता. पुढचं काम नदीनं परस्पर उरकलं. दर पुरात माती आणली आणि फुगवट्यात टाकली. साठवण घटत गेली, पाणी उथळ झालं, मधे बेटं वर आली, त्यांवर गवत-झुडपं माजली. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात जी तूट पडली, ती चमचे, चक्रवाक आणि तलवार बदकांच्या खाती जमा झाली. १९८६ साली सरकारनं या तुटीला अभयारण्य म्हटलं. २०२० च्या जानेवारीत पाणथळ जागांच्या रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत नाव झळकलं. महाराष्ट्रातलं पहिलं! लोणार आणि ठाण्याची खाडी मागाहून आली.

तेव्हा आमचा ठराव असा, की गाळाचा जाहीर सत्कार व्हावा. शाल, श्रीफळ, मानपत्र. सत्कारमूर्तींनी एकही अभ्यासदौरा केला नाही, निधी मागितला नाही, कोनशिलेवर नाव घातलं नाही आणि काम मात्र जागतिक दर्जाचं केलं. असा कार्यकर्ता जिल्ह्यात दुसरा दाखवा.

अडचण व्यासपीठाची आहे. पाटबंधारे खातं सत्कारमूर्तींना शत्रू मानतं. वनखातं म्हणतं, तेच आमचा पाया. पर्यटनवाले विचारतात, यांच्यावर सेल्फी पॉइंट बसेल का? शिवाय ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहेच. ती इथं उत्साहानं राबवली, तर सत्कारमूर्ती ट्रॉलीत बसून शेतावर रवाना होतील आणि पाखरांना रामसरचं प्रमाणपत्र तेवढं उरेल.

मानपत्रात नाशिक शहराचाही गौरवपूर्ण उल्लेख हवा. गोदावरी रामकुंडावर पुण्य वाटते आणि शहराबाहेर पडताना सांडपाणी घेऊन निघते. त्यावर पानवेली पोसतात आणि तरंगत तरंगत अभयारण्यात मुक्कामाला येतात. रविवारी तेच शहर दुर्बीण घेऊन मनोऱ्यावर चढतं आणि म्हणतं, ‘‘शी, किती पानवेली! इथले लोक काही करत नाहीत का?’’ इथले लोक म्हणजे चापडगाव-मांजरगाव-खाणगावची माणसं. नदी खालच्या अंगाला वाहते, हाच त्यांचा गुन्हा. आता सिंहस्थ तोंडावर आला आहे. नदी निर्मळ करण्याच्या घोषणा होत आहेत. साधूंच्या अंघोळीपुरती ती निर्मळ होईलही. पाखरांचा कोणताही आखाडा नोंदणीकृत नसल्यानं त्यांचा नंबर कधी लागेल, हे सांगता येत नाही.

यात नाक खुपसण्याचा ओझरकरांना अधिकार काय, असं कुणी विचारेल. आहे, थोडा आहे. वाघाड धरणाचं पाणी आमच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढून, घनमीटरनं मोजून आणि पैसे भरून घेतलं. गेल्या शतकातल्या नव्वदच्या दशकात हे सुरू झालं, तेव्हा लोक हसले होते. आमचं म्हणणं इतकंच, की शेतकऱ्यानं घेतलेलं पाणी मोजता येतं, तर शहरानं सोडलेलंही मोजावं आणि त्याचंही बिल काढावं. रक्कम गाळाच्या नावे जमा करावी. तो खाणार नाही, एवढी हमी आम्ही देतो.

ठराव एकमतानं मंजूर झाला. फक्त एक उपसूचना आली आणि तीही स्वीकारली: सत्कारानंतर सत्कारमूर्तींचं सुशोभीकरण करू नये.