गाडी कुठाय, सर?

नांदेड-लातुरात सायकल चालवायला पाय लागतात, असा बाहेरच्यांचा समज आहे. पाय लागतात, पण थोडे. खरी लागतात ती उत्तरं. पन्नाशीकडं झुकलेला, खिशाला पेन लावलेला, ज्याच्या दारात मोटारसायकल उभी असते हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, असा माणूस कचेरीच्या वेळेला सायकलीवर दिसला की पहिल्याच चौकात कुणीतरी ब्रेक दाबतं. "काय सर, गाडी इकली की काय?" दुसऱ्या चौकातला जरा शिकलेला असतो. तो आवाज खाली घेऊन विचारतो, "शुगर निघाली का?" तिसरा काहीच विचारत नाही. "पेट्रोल लई महाग झालंय, खरंय," एवढंच म्हणतो आणि माझ्या न आलेल्या गरिबीत मनापासून सहभागी होऊन निघून जातो. आमच्याकडं मोठा माणूस सायकलीवर बसतो तो एकतर डॉक्टरच्या सांगण्यावरून, नाहीतर सावकाराच्या. आपल्या मर्जीनं बसलेला माणूस हा तिसरा प्रकार अजून शिरगणतीत आलेला नाही.

नोकरीनं मला आधी नांदेड दाखवलं, मग लातूर, मग पुन्हा नांदेड. दोन्हीकडं कामाला सायकलीवरच गेलो. त्यामुळं हौशी मंडळी सल्ला विचारायला येतात: कोणती घेऊ, सोबत काय ठेवू, कुठून जाऊ? पुण्या-मुंबईच्या दुकानांत याची उत्तरं काचेच्या कपाटात टांगलेली असतात. घाम पिणारा सदरा, बूड जाड केलेली घट्ट चड्डी, चोचीचं हेल्मेट. ती चड्डी घालून नांदेडच्या वजिराबादेत भाजी घेऊन दाखवा, मग पुढं बोलू. आमच्या उन्हाला, मातीला आणि माणसांना पुरून उरेल तेवढंच इथं सांगतो.

आधी सायकल. नांदेड गोदाकाठचं गाव, इथला मोठा चढ म्हणजे पूल. सिडको-हडकोकडून शहरात यायचं तर नदी ओलांडावी लागते, पण तेवढ्यासाठी 21 गिअर लागत नाहीत. लातूर पठारावर वसलंय. तिथं रस्ता मधेच उगाच वर जातो, पण तोही एका दमात संपतो. 21 गिअरवाले सगळे दोनच गिअर वापरतात, उरलेले 19 मेकॅनिकच्या लेकरांच्या शिक्षणाला लागतात. चेनकव्हर, मडगार्ड आणि कॅरियर असलेली साधी सायकल घ्या. कुणाच्या वाड्यात काळी 22 इंची अ‍ॅटलस धूळ खात उभी असेल तर हात जोडून मागून घ्या. त्या अ‍ॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यानं काम थांबवलं ते 3 जून 2020 रोजी, आणि 3 जून हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक सायकल दिन आहे. मुहूर्त साधावा तो आपणच.

जुनी सायकल घ्यायची तर लातुरात, आणि तीही मे महिन्यात. शिकवण्यांसाठी गावोगावची पोरं लातुरात खोल्या करून राहतात. मेमध्ये 'नीट'चा पेपर झाला की गादी, टेबलफॅन आणि सायकल विकून गावाकडं निघतात. विकणारा सायकलीची कुंडली सांगतो: "काका, आधीच्या दादाला ह्याच सायकलीवर एमबीबीएसला नंबर लागला." झालं, भाव वाढला. माझ्या सायकलीनं दोन डॉक्टर केले म्हणतात. माझ्याकडं आल्यापासून मात्र तिनं अभ्यास सोडला.

सायकल आली की हवा आली. पेट्रोल पंपावरच्या हवेवर विसंबू नका. मोटारसायकलीचा वाल वेगळा, साध्या सायकलीचा वेगळा. आपला सगळा कारभार वालट्यूब नावाच्या इवल्याशा रबरी नळीवर चालतो. पंपावरचा पोरगा हवेची नळी हातात घेतो, चाकाकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो आणि म्हणतो, "सायकलीची नाही होत, काका." गाडीवर आलो असतो तर सर म्हणाला असता. घरी एक हातपंप ठेवा आणि खिशात बोटभर वालट्यूब. चहापेक्षा स्वस्त पडते आणि चहाहून जास्त वेळा उपयोगी येते.

मग पंक्चर. 1888 साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. पोराच्या तीनचाकीला दगडांचे हादरे बसू नयेत, एवढीच त्या बापाची इच्छा. त्याच्या गावात सराटा नव्हता. आमच्याकडं पावसाळा सरला की मोकळ्या प्लॉटांवर सराटा वाळतो, आणि त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा आकाशाकडं राहतोच. आयुर्वेदात हाच सराटा गोखरू या नावानं लघवीच्या विकारांवर देतात. माणसाला मोकळं करणारं औषध ट्यूबलाही तितक्याच तत्परतेनं मोकळं करतं. वेडी बाभूळ मात्र कशावरच औषध नाही, तिचा काटा सरळ रबरात घुसून मोडतो आणि आतच मुक्काम करतो. म्हणून पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बेतानं बोट फिरवून बघा. काटा तिथंच राहिला तर पुढच्या चौकात तोच पुन्हा भेटेल.

पंक्चरवाला धरताना एक ध्यानात ठेवा. तो ट्यूब टोपल्यातल्या पाण्यात बुडवतो, बुडबुडे निरखतो आणि गंभीर होऊन सांगतो, "हे आधीचं ठिगळ ज्यानं लावलंय, त्याला काहीच येत न्हाई." प्रत्येक पंक्चरवाल्याला आधीचा पंक्चरवाला अडाणी वाटतो, या बाबतीत तो धंदा वैद्यकीच्या फार जवळ आहे. एकच धरा आणि सोडू नका, म्हणजे त्याला नावं ठेवायला कुणी उरत नाही.

उन्हावर उपाय दस्ती. मे महिन्यात 42-43 अंश ही आमच्याकडं बातमी नसते. मोठी सुती दस्ती भिजवून डोकं, कान, तोंड बांधून घ्या, फक्त डोळे उघडे ठेवा. निघताना तांब्याभर पाणी पोटात, बाटलीभर सोबत. पोचल्याबरोबर फ्रीजकडं धावू नका. पाच मिनिटं बसा, मग माठातलं घ्या. एक इस्त्रीचा सदरा कचेरीच्या कपाटात ठेवा. दुपारी बारा ते चार सायकलही सावलीत आणि आपणही. दस्तीचा दुसरा गुण असा की तोंड झाकलं की ओळख मिटते आणि प्रश्न थांबतात. निदान थांबायला हवेत. पण आमच्या गल्लीतले लोक मला नाही, सायकलीला ओळखतात. "सर, तोंड बांधून कुठं निघालाव?" हा वाढीव प्रश्न मग दस्तीच्या खात्यावर पडतो.

नांदेडात वाटेत भूक लागली तर चिंता नको. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात येईल त्याला पंगतीत बसवून जेवू घालतात. आत डोकं झाकावं लागतं, ते सायकलवाल्याचं झाकलेलंच असतं. शहरात ही एक जागा अशी आहे की जिथं तुम्ही कशावर आलात हे कुणी विचारत नाही.

पावसाळ्यात सीटला पिशवी बांधा. कॅरीबॅग बांधलेलं सीट बघून लोक हसतात, न बांधलेल्या सीटवर बसून उठलेल्या पँटीकडं बघून जास्त हसतात. खरा शत्रू मात्र पाऊस नव्हे, काळी माती. नव्या प्लॉटिंगातले कच्चे रस्ते एका सरीत लोणी होतात. ती माती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी ठासून बसते की चाक फिरायचंच थांबतं, आणि मग सायकलीवर माणूस जाण्याऐवजी माणसावर सायकल जाते. यासाठी कॅरियरला वीतभर काडी अडकवून ठेवा, माती खरवडायला. हे हत्यार कोणत्याच दुकानाच्या यादीत नसतं, आणि काळ्या रानातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ते सांगावं लागत नाही.

चेन उजवीकडं असते, म्हणून पँटीची उजवी मोहरी मोज्यात खोचा किंवा तिला रबर लावा. नवीन पँट आणि उघडी चेन एकत्र आली की पुढचं शिंप्याला माहीत. डावी मोहरी मोकळी ठेवली तरी चालते. पण उजवीच खोचून कचेरीत शिरलात तर दिवसभर लोक एकाच पायाकडं बघत बोलतात. दोन्ही खोचा, निदान फॅशन वाटेल.

कॅरियर काढून टाकायची आता पोरांत रीत पडली आहे. त्यांनी 2016 चा लातूरचा उन्हाळा बघितला नसावा. गावाला पाणी नव्हतं, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, 'जलदूत' नावाची ती गाडी देशभर गाजली. रेल्वेचं पाणी लातूरपर्यंत आलं, पण टाकीपासून घरापर्यंतचं शेवटचं अंतर कित्येकांनी सायकलीवर काढलं. दोन्ही अंगाला कॅन, हँडलला घागर आणि मालक पायी. त्या उन्हाळ्यात कुणी कुणाला गाडी कुठाय म्हणून विचारलं नाही. कॅरियरवाल्याला शेजारी अहो-जाहो करत होते.

आता वाटा. 2008 साली शिखांच्या गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्यासाठी नांदेडचे रस्ते नव्यानं झाले, तेव्हा काही रस्त्यांवर पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना वेगळी जागा आखून दिली होती. देशातल्या फार कमी शहरांना तेव्हा हे सुचलं होतं. ही जागा इतकी सोयीची निघाली की ती सगळ्यांनाच आवडली. मी जातो तेव्हा तिथं मोटारसायकली विसावलेल्या असतात, भेळेचे गाडे असतात, हेल्मेटवाला हेल्मेटं मांडून बसलेला असतो. सायकलवाल्यानं त्या जागेकडं आदरानं बघावं आणि डांबराच्या डाव्या कडेनं जावं.

लातुरात कस लागतो तो गंजगोलाईत. मधे 1917 सालची दुमजली गोल इमारत, तिच्या पोटात देवीचं देऊळ आणि भोवती येऊन मिळणारे 16 रस्ते. सराफा, कापड, चपला, मिरची, गूळ, ज्याला जे हवं त्याचा रस्ता वेगळा. सोळाही रस्त्यांनी आलेला माणूस गोलाईत आला की आपल्याला हवं त्या दिशेनं फिरतो. इथं धिटाई करू नका. सायकलवाल्याला एक अधिकार आहे जो मोटारवाल्याला नाही: खाली उतरलं की तो पादचारी होतो. हँडल धरून चालत गोलाई ओलांडा आणि पलीकडं पुन्हा वाहन व्हा. रात्रीच्या कुत्र्यांवरही हाच इलाज. जोरात पायडल मारलं की ती मागं लागतात, उतरून उभं राहिलं की बहुतेक वेळा त्यांचा विषयच संपतो.

सायकल लावायची कुठं, हा प्रश्न मोठ्या इमारतींपुढं पडतो. वॉचमन गाड्यांना हात दाखवून जागा देतो. सायकल दिसली की त्याचा हात अर्ध्यात थांबतो. सलाम ठोकावा की हाकलावं हे त्याचं ठरत नाही. शेवटी तो "तिकडं मागं" म्हणतो. मागं म्हणजे जनरेटरजवळ. तिथं त्याची स्वतःची सायकल उभी असते. तिच्या शेजारी लावा, दोन्हीला मिळून एक साखळी घाला. इतकी राखण दुसरीकडं कुठं होणार नाही.

राहता राहिली उत्तरं. मी "व्यायाम" म्हणून पाहिलं. त्यावर समोरचा आपल्या मेव्हण्याचा गुडघा सांगतो, तो सायकलीनंच गेला म्हणे. "पर्यावरण" म्हणून पाहिलं. "किती मिळतात त्याचे?" असं विचारलं गेलं. लातुरात एकानं सरळ "नगरसेवकाला उभं राहायलाव का?" म्हणून मतदार यादीतला आपला वॉर्ड सांगितला. "मला आवडतं" हे तर चुकूनही म्हणू नये, त्यानंतर घरी फोन येतो: "वहिनी, सर बरे हायत ना?" लागू पडतं ते एकच उत्तर, "गाडी पोरानं नेली." विचारणाऱ्याचा चेहरा उजळतो. पोरगं हाताशी आलं, गाडी फिरवायला लागलं आणि बाप पोरासाठी सायकलीवर आला, इतकं सगळं तीन शब्दांत. मला एकच मुलगी आहे, ती पुण्यात असते. उत्तराचं मात्र अजून कधी अडलं नाही.

गंमत अशी की हे प्रश्न सगळ्या सायकलवाल्यांच्या वाट्याला येत नाहीत. पहाटे पेपर टाकणारी पोरं, डबा अडकवून बांधकामावर निघालेला मिस्त्री, एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार, मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर शाळेला निघालेल्या पोरी, यांना कुणी थांबवून विचारत नाही. विचारतात ते गाडी असून न वापरणाऱ्याला. ऊन, काटा, काळी माती यांना दस्ती, वालट्यूब आणि काडी पुरते. सायकलीचं खरं ओझं तिच्या प्रतिष्ठेचं आहे, आणि त्याला कॅरियर उपयोगाचं नाही.

तेव्हा सायकल घेणार असाल तर वर सांगितलेलं सामान एका पिशवीत मावतं, आजच जमवा. घेणार नसाल तर एवढंच करा: कुणी सायकलीवर दिसला तर त्याला गाडीचं विचारू नका. मागून हॉर्न वाजवू नका, दोन हात अंतर ठेवून पुढं जा. आणि त्याचं चाक बसलेलं दिसलं तर जवळचा पंक्चरवाला कुठं आहे, ते सांगा.