निशिकासाईचे सेन्सेई

तोक्योत तोझाई लाइनवर निशिकासाई नावाचं स्टेशन आहे. २००० साल उजाडताना संगणक घोटाळा करतील या धास्तीपायी भारतातून अभियंते आले, ते बरेचसे याच भागात उतरले आणि इथलेच झाले. त्यामुळे इथे हिंग मिळतो, कढीपत्ता मिळतो आणि लिफ्टमध्ये पगार विचारणारा माणूसही मिळतो. आमच्या इमारतीत ते खातं सेन्सेईंकडे आहे.

सेन्सेई म्हणजे गुरुजी. ही पदवी दुसऱ्यांनी द्यायची असते. पत्राखाली सही करताना आपण काही स्वतःलाच 'राजमान्य राजश्री' म्हणत नाही. यांनी मात्र इमारतीच्या पहिल्याच सभेत छातीवर हात ठेवून सांगून टाकलं, "वाताशी वा सेन्सेई देस." सभा गार पडली. मग जपानी मंडळी मुकाट्याने कमरेत वाकली, आणि ते कायमचे सेन्सेई झाले.

मूळचे पुण्याचे. आले ते वहिनींच्या नोकरीमागून, डिपेंडंट व्हिसावर. "व्हिसा डिपेंडंट आहे, मी नाही," असं न विचारता सांगतात. कार्डाच्या पाठीवर आठवड्याला २८ तास काम करण्याच्या परवानगीचा शिक्का आहे, तो ते ताम्रपट दाखवावा तसा दाखवतात. या २८ तासांचा हिशेब एका वहीत असतो. शनिवारी संध्याकाळी मी सहज एक इंग्रजी ईमेल वाचून द्या म्हणालो, तर वही उघडून म्हणाले, "साडेसत्तावीस झाले. अर्धा तास उद्याच्या बाईंचा आहे. तुम्ही मराठीत बोला, ते फुकट."

सुरुवातीला ते एका इंग्रजी संभाषणाच्या क्लासात मुलाखतीला गेले होते. तिथे नेटिव्ह शिक्षक हवा होता. "मी नेटिव्हच आहे," हे म्हणाले, "सदाशिव पेठेचा." क्लासने चहा पाजला, दारापर्यंत पोचवलं आणि लिफ्टचं दार मिटेपर्यंत वाकून नमस्कार केला. इतक्या आदराने आपल्याला कुणी कधी हाकललं नव्हतं, हे ते आजही कौतुकाने सांगतात.

नशीब उघडलं ते चाकणमुळे. एका कारखान्यातला अभियंता तीन वर्षांसाठी चाकणला निघाला होता. त्याने आयुष्यभर कॅसेटी लावून अमेरिकेचं इंग्रजी घोटलेलं. पण फोनवर चाकणची मंडळी बोलायला लागली की त्याला घाम फुटायचा. त्याला चाकणचं इंग्रजी हवं होतं. ज्या उच्चारांपायी क्लासने लिफ्ट दाखवली, त्याच उच्चारांचे आता तासाला ३,००० येन मिळू लागले. "दोष म्हणून जे हिणवलं ना राव, तोच माझा सिलॅबस," सेन्सेई म्हणाले.

शिकवणी स्टेशनजवळच्या जुन्या कॉफीच्या दुकानात चालते. कॉफी विद्यार्थ्याकडे, ही अट. शेजारच्या टेबलावरून मी बरेच तास फुकटात ऐकले आहेत. 'डू वन थिंग' म्हणजे हुकूम नव्हे, जिव्हाळा. 'कझिन ब्रदर' असतो आणि 'ओन ब्रदर'ही असतो. 'प्रीपोन' ऐकून विद्यार्थ्याने शब्दकोश काढला, तो सेन्सेईंनी हळूच मिटला. 'आउट ऑफ स्टेशन'पाशी मात्र गाडी अडली. तोक्योच्या माणसाचा जन्मच स्टेशनांत जातो. "कुठल्या स्टेशनच्या बाहेर?" त्याने वही पुढे ओढून विचारलं. "आणि कुठल्या नंबरच्या एक्झिटने?"

मान हलवण्याचा तास वेगळा. ती वरखाली नाही, डावीउजवीकडे नाही, आडवा आठ काढायचा. दोघं समोरासमोर बसून आठ काढत होते तेव्हा मालकीणबाईंनी काळजीने पाणी आणून ठेवलं.

मधूनमधून मराठी येतं, कारण मराठीवर त्यांचा एक सिद्धांत आहे: सगळं इकडचं तिकडे गेलेलं आहे. प्रश्नाच्या शेवटी आपण 'का' लावतो, तेही 'का'च लावतात. येणार का? किमास का? आपलं गरगर, त्यांचं गुरुगुरु. आपलं गडगड, त्यांचं गोरोगोरो. या माणसाचा खरा वैताग असा, की पूर्ण चूक काढायला जावं तर तो अर्धा बरोबर निघतो. आ-का-सा-ता-ना हा जपानी अक्षरांचा क्रम खरोखरच सिद्धम लिपीच्या अभ्यासातून, आपल्या वर्णमालेच्या वळणावर बसला. उएनोच्या तळ्यातली बेन्तेन म्हणजे सरस्वतीच. पण म्हणून सुशी हा उकडीच्या मोदकाचा धाकटा भाऊ, हे मी मान्य करणार नाही.

सर्वांत लांबला तो 'बघू'चा धडा. तीन तास. विद्यार्थी विचारी, काय बघणार? कधी बघणार? बघून झाल्यावर कळवणार का? शेवटी सेन्सेईंना सुचलं. "तुमच्याकडे मीटिंगच्या शेवटी 'केन्तो शिमास', विचार करतो, म्हणतात ना? मग काय होतं?" विद्यार्थी म्हणाला, "काहीच नाही." आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. पाठोपाठ 'पाच मिनिटांत' हाही धडा उरकला.

महिन्याचे पैसे कोऱ्या नोटांत, पाकिटात घालून, दोन्ही हातांनी. सेन्सेईही दोन्ही हातांनी घेतात, न उघडता बाजूला ठेवतात आणि मग प्रसाधनगृहात जाऊन मोजतात. मुक्काम तोक्योत असला तरी येनचा भाव ते रोज सकाळी रुपयात बघतात, लासलगावचा शेतकरी कांद्याचा बघतो तसा.

चाकणला जाण्याआधीचा शेवटचा तास ठरला सकाळी दहाचा. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. चार वर्षं झाली मला या देशात, उशिरा येणारा जपानी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तो दहा पंचेचाळीसला सावकाश आत आला, खुर्चीत रेलला आणि म्हणाला, "टू मच ट्रॅफिक, सर." राहतो तो रस्त्यापलीकडे.

सेन्सेई कौतुकाने बघत राहिले. तास झाला. वही मिटली. पाकीट काही निघेना. सेन्सेईंनी घसा खाकरला, महिना संपत आल्याचं बोलून पाहिलं, शेवटी सरळच विचारलं.

विद्यार्थ्याने मानेने सुरेख आडवा आठ काढला.

"बघू," तो म्हणाला, आणि चाकणहून पाच मिनिटांत पाठवतो असं सांगून निघून गेला.

त्या दिवशी दोन्ही कॉफ्यांचे पैसे सेन्सेईंनी भरले. सुटे मोजताना मला म्हणाले, "उच्चार ऐकलात ना 'बघू'चा? घू कसा दीर्घ लावला!"