ब्रूनोचं पाणी

भाचीचं लग्न नागपूरला, मुक्काम चार दिवस. ब्रूनोला कुठं ठेवायचं, यावर घरात तीन आठवडे खल झाला. मला कुठं ठेवायचं, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. लसींचं कार्ड मागत नाहीत तिथं ठेवू नका. तुमचं बघत नाहीत म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यातल्याचंही बघितलेलं नसतं, आणि तो केनेल कफ नावाचा खोकला एकाला झाला की सगळी ओळ खोकते. गोचीड कुत्र्याच्या अंगावर शोधू नका, भिंतीच्या फटीत शोधा. मे महिना आहे, पत्र्याखाली तर अजिबात नको. कुत्रं अंग गार करतं ते मुख्यतः धापा टाकूनच. आणि आधी एक रात्र ठेवून बघा. मी सगळं कागदावर उतरवून घेतलं, बीड बायपासच्या पलीकडचं एक हॉस्टेल गाठलं, आणि कागद खिशातून निघालाच नाही. कारण फाटकावर पाटी होती : ‘२४ तास पाणी’.

मी ती पाटी दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

आत काउंटरवरच्या मुलीनं ‘‘ब्रूनोचे पप्पा ना?’’ म्हणत फॉर्म पुढं केला. नाव, वय, लसी, स्वभाव. पाचवा रकाना : ‘दिवसातून किती वेळा ताजं पाणी लागतं?’ मी खरं ते लिहिलं – आठवड्यातून एकदा, नळाला येईल तेव्हा. ती मुलगी माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी कुत्र्याला साखळीनं मारतो.

मग तिनं सगळं फिरवून दाखवलं. वाटी दिवसातून चारदा धुतात. दिवसाआड अंघोळ, शाम्पूसकट. कूलर भरलेले. प्यायला आरओचं. आणि मागं, निळ्या फरशीचा, कुत्र्यांचा तरणतलाव. एक लॅब्राडोर त्यात पाठीवर पडल्यासारखा तरंगत होता. ‘‘पाणी रोज बदलतो, काका,’’ ती म्हणाली. रोज! आमच्याकडं भाजी धुतलेलं पाणी कुंडीला जातं, कपडे पिळलेलं संडासाला, आणि पाहुण्याला अर्धा पेला देऊन ‘‘अजून देऊ का?’’ असं आम्ही नकारार्थी मान हलवत विचारतो. हे शहर ५२ दरवाज्यांचं म्हणून ओळखलं जातं. आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा पाणी, म्हणजे वर्षाला बरोब्बर ५२ वेळा. दरवाज्यामागं एकदा, असा हिशेब असावा. तिकडं पैठणला नाथसागर. १९७६ पासून भरतोय, क्षमता १०२ टीएमसी, त्यालाही २७ दरवाजे. एकूण झाले ७९ दरवाजे, आणि पाण्याला माझ्या घराचा सापडत नाही! चारशे वर्षांपूर्वी कुणी विजेचा पंप न लावता, नुसत्या उतारावर, मातीच्या खापरी नळांतून नहर-ए-अंबरीनं या गावाला पाणी खेळवलं होतं. पाणचक्कीत तर पाणी इतकं होतं, की त्यावर दळण दळत होते. आज आम्ही पोरांना सहलीला नेऊन ‘‘बघा, पाणी’’ म्हणून दाखवतो.

‘‘तुमच्याकडं येतं कुठून?’’ मी विचारलं.

‘‘टँकर की. रोज येतो.’’

बघा. जलवाहिनीला जे खड्डे, चढ, वळणं आणि अडचणी आड येतात, त्याच खड्ड्यांतून टँकर मात्र घंटा वाजवत, निम्मं पाणी रस्त्याला पाजत, वेळेवर पोचतो. तहान माझी, पाणीपट्टी ३६५ दिवसांची, आणि पाणी ज्याच्या खिशात नोटा त्याचं. वर सल्ला असा, की आम्ही दात घासताना नळ बंद ठेवावा. अहो, तो बंदच असतो! दात घासायला बसलो तर सहा दिवस ब्रश तोंडात धरून बसावं लागेल. असो. चिडून घसा कोरडा पडतो, आणि तो ओला करायची सोय मर्यादित आहे.

‘‘माणसं ठेवता का?’’ मी हळूच विचारलं. लसी झाल्यात, चावत नाही, वाटी स्वतःची आणतो. मुलगी हसली. मी हसलो नव्हतो.

पैसे भरून घरी आलो, तर बायको कॅलेंडरपाशी उभी. पाण्याची पाळी नेमकी लग्नाच्या दिवशी. टाकी रिकामी ठेवून परत आलो, तर पुढचा आठवडा नागपूरहून आणलेल्या संत्र्यांवर काढायचा का? शिवाय नळ फुसफुसायला लागला की रात्री दोनला ब्रूनोच भुंकून उठवतो, आणि तो तर हॉस्टेलात. कुणीतरी जागं राहायला हवं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं.

आत्ता रात्रीचे तीन वाजलेत. मोटारीची पिन हातात, चार बादल्या ओळीनं. नळातून अजून नुसती हवा. लग्नघरून हळदीचे फोटो आले. हॉस्टेलवाल्यांनी संध्याकाळचा व्हिडिओ पाठवलाय : आमचे चिरंजीव तलावातून बाहेर येतात, कॅमेऱ्यासमोर थांबतात आणि अंग झाडतात. मी तो पाचव्यांदा बघतोय. नुसत्या शिंतोड्यांत दीड तांब्या तरी गेला असेल.