जुळी भिंगे आणि कुरुळीचा बांध

गेली वीस वर्षे माझे छायाचित्रण भिगवणच्या पाणथळीत, झुडपाआड दडून, तोफेच्या नळीएवढ्या भिंगातून रोहित पक्ष्यांवर पाळत ठेवण्यात व्यतीत झाले. या व्यासंगाचा मुख्य लाभ असा की त्यात कोणाशी चकार शब्द बोलावा लागत नाही, आणि 'फोटो कधी पाठवता?' असे न विचारणारा पक्षी हा एकमेव इसम होय. परंतु जुन्या बाजारात एक जपानी, जुळ्या भिंगांचे यंत्र माझ्या गळ्यात पडले आणि या एकांतवासाची मुदत संपली. १९२९ साली जर्मनीतील रोलायफ्लेक्सने नावारूपास आणलेल्या घराण्यातले हे यंत्र. वरच्या भिंगाने पाहायचे, खालच्याने टिपायचे, एका रिळात चित्रे अवघी १२, आणि ते पोटाशी धरून, मान लववून, माथ्यावरच्या काचेत डोकवायचे. त्या काचेत उजवे ते डावे दिसते, ही गोष्ट विक्रेत्याने सोयीस्करपणे गाळली होती.

यंत्राच्या पहिल्या फेरीसाठी मी चाकणचा कारखान्यांचा पट्टा आणि रविवार निवडला. या पट्ट्यात कारखान्यांची सुटी बहुतांशी गुरुवारी असते, हे भोसरीहून राजगुरुनगरच्या बसमध्ये चढल्यावर आठवले. चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवला, ही हकीकत शाळेत छाती फुगवून वाचली होती. मोशीचा इंद्रायणीवरचा पूल ओलांडून, कंटेनरांच्या शेपटाला शेपूट लावून कुरुळीपर्यंत सरकताना खानाविषयी प्रथमच सहानुभूती वाटली.

गावाबाहेर एका कारखान्याच्या भिंतीला खेटून कांद्याचे वावर होते. तिथे मी तिकाटणे रोवून त्यावर यंत्र चढवले आणि काचेत पाहण्यासाठी वाकलो, तोच पाठीमागून खणखणीत प्रश्न आला:

"किती मीटर जाणार, साहेब?"

"काय जाणार, आजोबा?"

"रान. मोजणीला आलात न्हवं? नोटीस न्हाई, काय न्हाई!"

रस्तारुंदीच्या वार्तांनी पोळलेल्या मुलुखात तिकाटणे रोवणारा मनुष्य सरकारी, आणि वर दोन डोळ्यांचे यंत्र असेल तर दुप्पट सरकारी, हा न्याय मला ठाऊक नव्हता. मी हौशी आहे, असे सांगितल्याने संशय बळावलाच. इतक्यात शेजारचे वावरवाले बगलेत सातबारा मारून हजर झाले. त्यांची तक्रार बांधाविषयी होती आणि ती, माझ्या समजुतीप्रमाणे, दोन पिढ्यांची होती. "आता यंत्र आलंच आहे," ते म्हणाले, "तर निवाडा होऊनच जाऊ द्या."

शपथेवर सांगतो, मी केवळ खात्री पटावी म्हणून त्यांना काचेत पाहू दिले. काचेत आजोबांचे कांदे डावीकडून उजवीकडे, म्हणजे नेमके शेजाऱ्यांच्या बाजूला, गेलेले! शेजारी हर्षभरित झाले. मग आजोबांनी डोकावून आपली विहीर पलीकडे गेल्याचा पंचनामा केला, आणि भिंगांच्या न्यायासनासमोर असा कोलाहल माजला की ज्या मनुष्याने वीस वर्षे केवळ पक्ष्यांशी मौन राखले, त्याला अर्धा तास घसा कोरडा करून यंत्रातल्या आरशाचा धर्म समजावून सांगावा लागला. समेट अखेरीस चहावर झाला. अट एकच: बांधापाशी प्रत्येकाचा एकेक फोटो. घरातली माणसे, शेजारची माणसे, एक वासरू. ११ चित्रे अशी खर्ची पडली.

बारावे आजोबांचे. कोट चढवून, टोपीची घडी नीट करून ते बसले. मी पक्ष्याच्या कधी जाऊ शकलो नसतो इतका जवळ गेलो. "टोपी येईल ना?" त्यांनी विचारले. काचेत ती पूर्ण दिसत होती, तसे मी सांगितले.

परंतु टिपणारे भिंग पाहणाऱ्याच्या दोनेक इंच खाली असते, आणि जवळच्या चित्रात त्याला वरचे तेवढे कमीच दिसते. छापील प्रत पोहोचताच फोन आला: "फोटो झ्याक हाय. पण साहेब, अर्धी टोपी कोणाच्या हद्दीत गेली?"

येत्या गुरुवारी टोपीसाठी पुन्हा कुरुळीस जाणे आहे.