मोडीतली पणजी

माझी पुतणी लीड्सला असते. तिच्या शेजारच्या आजींनी एका दुपारी चहा पिता पिता संगणकावर १९२१ च्या जनगणनेतलं आपल्या आजोबांचं पान काढून दाखवलं. घरात कोण कोण होतं, कुणाचं वय किती, कोण कुठे कामाला जात होतं, सगळं खुद्द घरच्यांनी भरलेलं. तिकडे शंभर वर्षं झाली की जनगणनेची पानं लोकांना खुली होतात; ही २०२२ च्या जानेवारीत झाली. पुतणीनं त्याच रात्री फोन केला. "काका, आपल्याकडेही जनगणना होतच होती ना? मग तुमच्या पणजोबांचं पान काढून ठेवा की. आणि पणजीचं माहेर कुठलं तेही बघा." जसं काही फडताळातून लोणच्याची बरणी काढायची होती.

आता जनगणना होत होती हे खरंच. १८८१ च्या १७ फेब्रुवारीला साऱ्या देशात एकाच वेळी माणसं मोजली गेली. त्या मोजणीचे आकडे १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये छापलेत. जिल्ह्यात दहा लाखांहून जास्त माणसं निघाली. त्यात आमचे खापरपणजोबा आहेत हे मी छातीठोकपणे सांगतो, फक्त ते आकड्यात विरघळलेले आहेत. दुधातली साखर दाखव म्हटलं तर कुठून दाखवणार? पुढे १९४८ च्या कायद्यानं तर निकालच लावला. प्रगणक घरोघर जे लिहून नेतो ते कुणी पाहायचं नाही, कोर्टातही पुरावा म्हणून चालायचं नाही. कायदा शहाणा आहे, त्याशिवाय लोक खरं वय सांगणार नाहीत. पण आमच्यासारख्यांची पंचाईत झाली. सरकारनं प्रत्येकाला मोजलं आणि कुणालाच ओळख दिली नाही.

नाहीतरी १९११ साली प्रगणक आमच्या दारात आला असेल तेव्हा पणजीला नवऱ्याचं नाव विचारल्यावर ती आत पळाली असणार. उखाण्याशिवाय नाव घ्यायचं म्हणजे काय!

जनगणना गेली, तेव्हा लग्नाची नोंद पाहू म्हटलं. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा आला १९५३ साली, तेव्हा पणजीला नातवंडं झालेली होती. तिच्या लग्नाला अंतरपाट, अक्षता आणि सारा गाव साक्षीला होता. त्यातलं काहीच कपाटात ठेवता येत नाही. आमच्या एका चुलत आजोबांचं लग्न तर प्रतिसरकारच्या काळातलं गांधी-विवाह पद्धतीचं. हार घातले, चार शब्द बोलले, हुंडा नाही, मानपान नाही, खर्च जवळजवळ शून्य. कागदही शून्य. भूमिगत सरकारनं लावलेल्या लग्नाचा दाखला मागायला जायचं कुठल्या टेबलाशी?

राहता राहिलं गावचं दप्तर. जन्म-मृत्यूची नोंद पूर्वी गाव नमुना १४ मध्ये व्हायची, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात पणजोबा नक्की भेटतील, असं मला एका निवृत्त तलाठ्यानं सांगितलं. मी गावी गेलो. पारावरच्या म्हाताऱ्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकजण म्हणाला, "ते दप्तार व्हय? ते बेचाळीसच्या चळवळीत जळालं की. चावडी पेटवली हुती आपल्या पोरांनी." सातारा भागात तेव्हा अशा बऱ्याच चावड्या जळाल्या. मी हळहळलो. त्यावर म्हातारा कौतुकानं म्हणाला, "रॉकेलचा डबा तुज्याच आज्ज्यानं नेला हुता!" आमच्या घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं सांगतात. मीही शाळेत पंधरा ऑगस्टच्या भाषणात सांगितलेली आहे. इंग्रजांचं राज्य जाळताना आजोबा आपल्या बापाचा मृत्यूचा दाखलाही जाळताहेत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार?

त्यात आमच्या गावाला एका जागी राहूनही प्रवास फार. ते तासगावच्या बाजूला आहे, आणि घर पणजोबांनी बांधलं तिथेच आहे, जोतंसुद्धा हललेलं नाही. पण पणजोबा सातारा जिल्ह्यात वारले, वडिलांची शाळा १९४९ नंतर दक्षिण साताऱ्यात झाली आणि १९६० मध्ये जिल्ह्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे एका कचेरीत "हे सांगलीला मिळेल" आणि दुसरीत "एवढं जुनं साताऱ्यालाच" हे उत्तर मला आलटून पालटून मिळालं. एस्टीच्या पासाचा विचार मी त्याच सुमारास केला.

वडिलांच्या शाळेचं जनरल रजिस्टर मात्र शाबूत निघालं. त्यात वडील, थोरले काका आणि धाकटे काका, तिघांचीही जन्मतारीख १ जून. साल तेवढं वेगळं. आजीला दर दोन-तीन वर्षांनी नेमकी त्याच तारखेला प्रसूती होत असे असं नाही. गुरुजींना शाळा सुरू होण्याच्या दिवसाशी हिशेब जुळवून हवा होता. महाराष्ट्राच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस मृगाच्या तोंडावर येतो तो असा.

मग मोडी. एका तालुक्याच्या अभिलेख कक्षात गेलो तर तिथे ही गर्दी. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर लोक जुन्या रजिस्टरांवर तुटून पडले होते आणि मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे तो नवरदेवाचा मान आला होता. शेजारी बसलेल्या एका तरुणाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा एक शब्द हवा होता. जातीच्या रकान्यातला, दोन-तीन अक्षरांचा, पण त्याच्यावर पोराची ॲडमिशन अडलेली. त्यानं मला विचारलं, "तुम्ही काय शोधताय?" पणजीचं माहेर, म्हटलं. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "काका, बायकांकडचं चालत नाही. बापाकडचंच लागतं."

तो बोलला ते सगळ्याच कागदांना लागू होतं. आमच्या जुन्या कागदांत आडनाव नाही. 'ज्ञानू बिन धोंडी' असतं, म्हणजे धोंडीचा मुलगा ज्ञानू. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे पुढच्या पिढीत 'धोंडी बिन ज्ञानू', त्याच्या पुढे पुन्हा 'ज्ञानू बिन धोंडी'. रहाट फिरावा तसे तेच दोघे वरखाली होत राहतात. कुठला ज्ञानू माझा, ते ओळखायचं कसं? मोडीवाल्या काकांनी भिंग लावून एक अख्खा कागद वाचला. मी श्वास रोखून बसलेलो. निघालं काय, तर धोंडी बिन ज्ञानू याची म्हैस कोंडवाड्यात घातल्याबद्दल चार आणे दंड. म्हशीचं वर्णन तपशीलवार होतं, शिंगं, वळण, कपाळावरचा चांद. पणजीचं नाव पुढे एका कागदावर एकदाच आलं, 'सरस्वती कोम ज्ञानू'. कोम म्हणजे अमक्याची बायको. कपाळावर चांद होता की नाही, नोंद नाही.

हेळवी मला शेवटी आठवला. लहानपणी सुगी झाली की नंदीवर बसून, घंटा वाजवत हेळवी दारात यायचा आणि चोपडी उघडून आमचे पूर्वज घडाघडा म्हणून दाखवायचा. आई सुपातून ज्वारी घालायची. गेल्या वर्षी त्याचा नातू भेटला, मोटारसायकलवर. चोपडी प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यानं आमच्या सात पिढ्या न अडखळता सांगितल्या, माझा मुलगासुद्धा त्यात चढलेला. आणि बायका? "लेकी-सुना लिवत न्हाईत आमी," तो म्हणाला. "त्या जात-येत ऱ्हात्यात."

पणजीबद्दल घरात ऐकीव माहिती एकच: ती 'औंधकडची'. म्हणून मी खटाव तालुक्यात औंधला जाऊन आलो. यमाईचा डोंगर चढलो, संग्रहालय पाहिलं, चित्रं पाहून खूश झालो. पंतप्रतिनिधींनी प्रजेला सूर्यनमस्कारांचं वेड लावलं, तसं लग्नं लिहून ठेवायचं लावलं असतं तर काय बिघडलं असतं, असं उतरताना पायऱ्यांवर वाटलं. पणजीचा पत्ता लागला नाही.

लागला तो घरातच, आणि तोही मी भांडी मोडीत घालायला निघालो म्हणून. माळ्यावर पितळेची एक पाटी भरून भांडी होती. त्यात एक तांब्या, पोटाला पोचा आलेला, गळ्याशी ठोक्याठोक्यांनी काही कोरलेलं. हा तांब्या आमच्याकडे 'बदललेला' म्हणूनच ओळखला जायचा. कारण त्यावर 'ठकू' असं नाव होतं आणि आमच्या सात पिढ्यांत ठकू कुणी नाही. कुठल्याशा लग्नात आमचा चांगला तांब्या गेला आणि हा गळ्यात पडला, असं आजी म्हणायची. त्या कुणा ठकूला तिनं वर्षानुवर्षं बोल लावले.

मी आत्याला सहज विचारलं. आत्या नव्वदीची. ती म्हणाली, "ठकू म्हंजी तुजी पणजीच की रं. लग्नात नाव बदाललं, सरस्वती ठेवलं. माहेरची माणसं ठकूच म्हणायची."

चिंच लावून घासला तेव्हा बाकीची अक्षरं वर आली. 'ठकू हीस बाळंतविडा, कुंडल, शके १८३७'. म्हणजे १९१५ च्या आसपास, आजोबांच्या बारशाचा. आणि कुंडल! आता ते पलूस तालुक्यात, सांगली जिल्ह्यात. पण तेव्हा औंध संस्थानात. औंधचा मुलूख सलग नव्हताच, आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे, असा तुकड्यातुकड्यांत विखुरलेला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती कुंडलजवळच, औंधच्याच हद्दीत. आमच्या घरापासून कुंडल तीन कोसांवर. ज्या पणजीसाठी मी औंधचा डोंगर चढून आलो, ती पहाटे निघून न्याहारीला माहेरी पोचत असणार.

आजी आयुष्यभर जिला बोल लावत होती ती तिचीच सासू निघाली. आजी आज असती तर म्हणाली असती, तरीच.

पुतणीला तांब्याचा फोटो पाठवला. लीड्सच्या आजींनी तो मोठा करून पाहिला म्हणे, आणि तुमची जनगणना पितळेवर करतात का, असं विचारलं.

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही माळ्यावरून अशी पाटी उतरेल. कासार आजकाल पितळेला भाव बरा देतो. त्याच्या काट्यावर ठेवण्याआधी प्रत्येक भांड्याचा गळा आणि बूड चिंचेनं घासा आणि खिडकीशी तिरप्या उजेडात धरा. समोरून पाहिलं तर ठोके दिसत नाहीत.