जावा की पायथन? आधी ट्रॉली मोजा!

बारावीचा निकाल लागला की शिरूरपासून दौंडपर्यंत एकच प्रश्न फिरतो. जावा घेऊ की पायथन?

विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. घरी ऊस नाहीतर कांदा, फी भरायची ऐपत एकदाच, आणि सल्ला द्यायला आयटीतलं कोणी नाही. चुकतं ते उत्तर देणाऱ्याचं.

उत्तर कोण देतं? क्लासवाला. सहा महिन्यांत फुल स्टॅक: जावास्क्रिप्ट, जावा, पायथन, एसक्यूएल, वर रिअ‍ॅक्ट. पोरगं बायोडेटात सगळी नावं लिहितं. मुलाखतीत समोरचा म्हणतो, यातली कुठलीही एक घे आणि दहा आकडे चढत्या क्रमाने लावून दाखव.

एक ना धड, भाराभर चिंध्या.

मग सुरुवातीला एकच भाषा धरायची? हो, धरायचीच. निदान पहिली दोन वर्षं. पण कोणती, यावर घरात भांडणं कशाला? सी १९७२ची, पायथन १९९१ची, जावा १९९५ची. तुम्ही नोकरीला लागेपर्यंत यातली एकही कुठे जात नाही.

आणि एक भाषा म्हणजे टर्बो सी या जुन्या कंपायलरचा निळा पडदा नव्हे. क्लिअर-स्क्रीनची ओळ घोकून प्रॅक्टिकलचे मार्क मिळतात. तीच ओळ आजच्या कंपायलरला दिली की तो एरर देतो. पोरांना हे तिसऱ्या वर्षाआधी सांगायला काय हरकत आहे?

खोलात जायचं म्हणजे काय? कारखान्याच्या वजनकाट्यावर उभे राहा. भरलेली ट्रॉली, रिकामी ट्रॉली, वजाबाकी केली की निव्वळ ऊस. दहा ओळींचा प्रोग्राम. आता रिकामी ट्रॉली भरलेलीपेक्षा जड नोंदली गेली तर? एकच पावती दोनदा चढली तर? दोन वजनांच्या मध्ये लाईट गेली तर? ट्रॅक्टर बदलला, ट्रॉली तीच राहिली तर? या प्रश्नांची उत्तरं जावात वेगळी आणि पायथनमध्ये वेगळी नसतात.

ही उत्तरं शोधताना रात्र गेली, की भाषा आली.

दुसरी बाजूही ऐका. एका भाषेवर नाव गोंदवून घेणारेही फसतात. एके काळी हिशेबाची किती सॉफ्टवेअर फॉक्सप्रोत लिहिली जायची! त्याची शेवटची आवृत्ती २००४ची; २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्टही थांबवला. ज्यांना फक्त कमांड पाठ होत्या, ते अडकले. ज्यांना टेबल म्हणजे काय, इंडेक्स कशाला लावायचा हे कळलं होतं, त्यांना एसक्यूएल जड गेलं नाही. अँड्रॉइडचंही तेच. २०१९मध्ये गुगलने कोटलिन या भाषेला पहिली पसंती दिली, तेव्हा जावा नीट येणारे फार अडखळले नाहीत. अर्धवट येणाऱ्यांना पुन्हा फी भरावी लागली.

पहिली भाषा पक्की असेल तर दुसरीला काही महिने लागतात. कच्ची असेल तर दुसरीही पहिलीच असते.

आणखी एक. सगळ्यांच्या नजरा हिंजवडीच्या आयटी कंपन्यांकडे का? शिरूर तालुक्यातच रांजणगाव एमआयडीसी आहे, दौंड तालुक्यात कुरकुंभ. कारखान्यातली यंत्रं पीएलसीवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकावर चालतात आणि पीएलसीचा प्रोग्राम बहुतेक लॅडर या भाषेत लिहितात. घराजवळची ही भाषा किती क्लासच्या फलकावर दिसते?

डेमो लेक्चरला जाल तेव्हा पॅकेजचे आकडे आणि हार घातलेले फोटो बाजूला ठेवायला सांगा. मागच्या बॅचच्या पोरांनी स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम समोर चालवून दाखवा म्हणा. त्यात मुद्दाम चुकीचा आकडा टाका. बंद पडला तर ऑनलाइन पेमेंटचा क्यूआर कोड स्कॅन करू नका.