गैरहजर सदस्यांची संमती

ज्याची पेन्शन त्यालाच तिच्याबद्दल विचारायचं, अशी एक रानटी प्रथा इंग्लंडात अजून शिल्लक आहे. 2011 संपता संपता तिथल्या सरकारने सरकारी दवाखान्यांतल्या नर्स, वॉर्डबॉय, लॅबवाले, सफाईवाले अशा सगळ्यांपुढे नव्या पेन्शनचा प्रस्ताव ठेवला. त्याचा अर्थ असा लावला गेला, की जास्त वर्षं राबा, जास्त हप्ता भरा आणि शेवटी कमी घ्या. आपल्याकडच्या एखाद्या अनुभवी अध्यक्षाने असला प्रस्ताव शाल-श्रीफळासकट स्वीकारून तो ऐतिहासिक असल्याचं त्याच संध्याकाळी जाहीर केलं असतं. तिथल्या 'युनिसन' या संघटनेने काय करावं? सभासदांचं मतदान घेतलं. शंभरातल्या पंधरांनीसुद्धा मत दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांतले 50.4 टक्के म्हणाले नको, 49.6 टक्के म्हणाले चालेल. नर्सेसच्या 'रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग'मध्ये मतदान झालं 16 टक्के, त्यातल्या 62 टक्क्यांनी प्रस्ताव झिडकारला. यावर युनिसनचे पुढारी काय म्हणाले, तर एवढ्याशा मतदानावर संप पुकारता येणार नाही. खरा आकडा पुढाऱ्याने आपण होऊन चारचौघांत सांगायचा! अशाने संघटना चालतात का?

आपण मात्र पुढारलेले. 14 मार्च 2023 ला महाराष्ट्रात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले. दवाखान्यांत शस्त्रक्रिया लांबल्या, शाळा बंद पडल्या, कचेऱ्यांत साहेब आपला चहा आपण आणू लागले. सातव्या दिवशी, 20 मार्चला, समन्वय समितीचे निमंत्रक विश्वास काटकर आणि मंडळी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना भेटली आणि बाहेर येऊन संप मागे घेतल्याचं सांगितलं. जिल्ह्याजिल्ह्यांत घोषणा देत बसलेल्यांना आपण संप मागे घेतला आहे हे टीव्हीवरून समजलं. त्या वर्षीची होळी दोन आठवड्यांपूर्वीच होऊन गेली होती. तरी बऱ्याच ठिकाणी पुढाऱ्यांच्या नावाने शिमगा झाला. मिळालं काय? विचार करायला समिती. समितीत निवृत्त सनदी अधिकारी. नव्या पिढीला पेन्शन कशी असावी हे जुनी पेन्शन खाणाऱ्याइतकं तटस्थपणे दुसरं कोण सांगणार?

पुढचा कारभार तर डोळ्यांचं पातं लवायच्या आत झाला. 24 ऑगस्ट 2024, शनिवार: केंद्राच्या मंत्रिमंडळाने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली. 25 ऑगस्ट, रविवार: महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तीच योजना आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वीकारली. पंचवीस वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं. दहा वर्षं झाली तर किमान दहा हजार. सगळ्या देशात पहिला नंबर आपला. मधल्या एका रात्रीत कर्मचाऱ्यांशी सविस्तर विचारविनिमय झाला असणार, यात शंका नको. फक्त कर्मचारी तेव्हा झोपलेले होते.

केंद्राने मात्र आपल्या लोकांना खरंच विचारलं. चालू 'एनपीएस' ठेवता की नवी एकीकृत, म्हणजे 'यूपीएस', घेता, ते 30 जून 2025 पर्यंत लिहून द्या. कोणी देईना. मुदत 30 सप्टेंबरपर्यंत वाढली, मग 30 नोव्हेंबरपर्यंत. 20 जुलैपर्यंत साधारण 23 लाखांतून 31,555 जणांनी होकार भरला होता. आग्रह करकरून वाढावं आणि पानावरच्या माणसाने हात आडवा धरावा, अशी ही पंगत. हरकत नाही. तेवीस लाख लोकांपुढे निदान ताट तरी मांडलं होतं.

आता इकडे भीमपूरला या. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याचं हे मंडल 2016 च्या जिल्हा पुनर्रचनेत नव्याने निघालं. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे आम्ही. 1956 साली हैदराबाद संस्थानाच्या मुलखाची वाटणी झाली तेव्हा आदिलाबादचे किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. राज्य पुनर्रचना आयोगाने निवेदनं घेतली, मतं काही घेतली नाहीत. त्यामुळे मत न विचारता सुखाने नांदण्याचा आमचा अनुभव कुठल्याही कर्मचारी संघटनेपेक्षा जुना आहे. टिपेश्वरच्या अभयारण्यातला वाघ नदी ओलांडून आमच्या पिप्पलकोटी, गोल्लाघाटाकडे येतो, तोही विकल्पाचा अर्ज भरत नाही. त्याचे ठसे घेतात, कॅमेरे लावतात, दर चार वर्षांनी देशभर त्याची मोजदाद होते. त्याच वाटेने कपाशीच्या शेतांतून औषधाची पिशवी घेऊन आशाबाई जाते. तिची मोजदाद फक्त संपाच्या दिवशी होते, आणि ती पोलीस करतात.

आमच्याकडच्या कुठल्याही आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात उभं राहिलं, की पेन्शनची चातुर्वर्ण्य व्यवस्था एका नजरेत दिसते. 1 सप्टेंबर 2004 च्या आधी नोकरीला लागलेले ते उच्च कुळातले. त्यांना जुनी पेन्शन. त्यांचा रक्तदाबसुद्धा शांत असतो. त्या तारखेनंतरचे 'सीपीएस'वाले: पगारातून कापलेला पैसा बाजारात जातो, म्हणून ते रोज सकाळी आधी शेअर बाजार आणि मग रुग्ण पाहतात. दर 1 सप्टेंबरला त्यांच्या काळ्या फिती ठरलेल्या. 2023 च्या निवडणुकीत काँग्रेसने जुनी पेन्शन आणण्याचा शब्द दिला आणि पक्ष सत्तेवरही आला. शब्द अजून नवा कोरा आहे, वापरलेला नाही. त्याखाली कंत्राटी, त्यांना पेन्शनआधी पुढच्या वर्षी नोकरी आहे का ते बघावं लागतं. त्याखाली आउटसोर्सिंगवाले, ज्यांना आपला मालक कोण हेच एजन्सी बदलली की नव्याने कळतं. आणि चार वर्णांच्या बाहेर, जिन्याच्या पायरीवर, आशा. ती कर्मचारीच नाही. सरकारी भाषेत ती 'स्वयंसेविका'. स्वयंसेवेला पगार नसतो, म्हणून मानधन. आणि मानधनातून निवृत्त कसं व्हायचं, याचा नियम अजून कोणाला सुचलेला नाही. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. पुरस्काराला वयाची अट नसते, हे एक बरं.

तरी सरकारने तिला अगदीच वाऱ्यावर सोडलं असं म्हणणं कृतघ्नपणा होईल. दोन प्रस्ताव आहेत. पहिला, 2019 च्या श्रमयोगी मानधन योजनेचा. अठरा ते चाळीस वर्षांच्या बाईने वयाप्रमाणे महिना 55 ते 200 रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालणार, आणि साठीनंतर महिन्याला 3,000. योजना निघाली तेव्हा अठरा वर्षांची असलेली मुलगी 2061 साली हे तीन हजार घेईल आणि त्या वर्षी त्यात काय येतं ते बघेल. बहुधा पावती. आणि आशा? आशांची नेमणूक सुरू झाली 2005 नंतर. तेव्हा जी तिशीत होती, ती 2019 मध्ये चाळिशी ओलांडलेली. म्हणजे जिने सगळ्यात जास्त बाळंतपणं केली, तिला 'तुमचं वय बसत नाही' असं सांगायचं. शिवाय मासिक उत्पन्न पंधरा हजारांच्या आत हवं. 2023 च्या संपात तेलंगणातल्या आशांनी मागितले अठरा हजार. मागणी मान्य झाली तर नवी आशा पेन्शन योजनेत बसणार नाही. योजनेत बसायचं तर मागणी अमान्य व्हायला हवी. सरकार मागणी अमान्य करतं ते निव्वळ तिच्या म्हातारपणाच्या काळजीने, हे तिच्या लक्षातच येत नाही.

दुसरा प्रस्ताव 2025 चा. दहा वर्षं सेवा करून बाई बाहेर पडली तर आधी एकरकमी वीस हजार मिळत. ते आता पन्नास हजार झाले. अडीचपट! टाळ्या वाजवून झाल्यावर कोणी तरी भागाकार करतं. वीस वर्षं राबली असेल तर वर्षाला अडीच हजार. पुढे वीस वर्षं जगली, तर महिन्याला दोनशे आठ रुपये. म्हणून टाळ्या वाजवायला येताना पोरांची शाळेची पाटी घेऊन येऊ नये.

या पन्नास हजारांवरून आठवलं. महाराष्ट्रात एक मुदत आमदार राहिलेल्या माणसालाही पन्नास हजारच मिळतात. समानता म्हणतात ती हीच. फरक इतकाच, की बाईला आयुष्यात एकदा आणि माजी आमदाराला दर महिन्याला. शिवाय पुढच्या प्रत्येक वर्षाच्या आमदारकीमागे दोन हजारांची भर. 2016 साली पेन्शन पन्नास हजारांवर नेणारी वाढ विधिमंडळाने फारशी चर्चा न करता मंजूर केली. मतदान नाही, समिती नाही, काळ्या फिती नाहीत. घेणारे आणि देणारे एकाच सभागृहात बसले, की विचारविनिमय किती सुटसुटीत होतो पाहा. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी इंग्लंडच्या मतदानापेक्षा या पद्धतीचा अभ्यास करावा.

आमच्या गावात पेन्शन म्हटलं की लोकांना आठवते ती 'आसरा'. 2019 पासून म्हाताऱ्यांना महिन्याला 2,016 रुपये. वरचे सोळा शकुनाचे, तेलुगू आहेरात 116 देतात तसे. सरकारने म्हातारपणाकडे मंगलकार्य म्हणून पाहिलं, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आता समजा, इंग्लंडचं वारं लागून भीमपुरात एखाद्या संघटनेने सभासदांना विचारायचं ठरवलंच. असं कधी झालेलं नाही, तेव्हा कोणी स्वतःला ओळखायच्या भानगडीत पडू नये. सभा दुपारी दोनची, म्हणजे साडेतीनची. निंबाच्या झाडाखाली सतरंजी, दोन खुर्च्या, एका खुर्चीवर अध्यक्ष, दुसरीवर त्यांची बॅग. हैदराबादहून आलेलं परिपत्रक तेलुगूत. निम्म्या बाया घरी मराठी बोलतात, काही गोंडी. अध्यक्ष त्याचा मराठीत गोषवारा देतात: "हे चांगलं आहे."

मागून एक वयस्क आशाबाई हात वर करतात. "सर, आम्हाले काय भेटते ते सांगा न."

"काकू, प्रस्ताव सगळ्यांसाठी आहे."

"सगळ्यांत आमी येतो का?"

"त्याचं स्पष्टीकरण मागवलंय."

"मंग आमी हो म्हणाव की नाही म्हणाव?"

"तुम्ही मोकळेपणाने बोला. फक्त नाही म्हणू नका, वरती वाईट दिसते."

तिसरा पर्याय म्हणून मतपत्रिकेवर 'प्रस्तावच मिळालेला नाही' असा एक रकाना असावा, अशी सूचना येते. सूचना नोंदवून घेतली जाते. नोंदवून घेणं ही आपल्या संघटनांची सर्वात विकसित कला आहे. माझ्या माहितीत नोंदवलेली एकही सूचना आजवर हरवलेली नाही, कारण ती शोधायला कोणी गेलेलंच नाही. मग एक तरुण कंत्राटी परिचारिका विचारते, की मॅडम लोकांना निम्मा पगार पेन्शन मिळणार असेल, तर आमच्या निम्म्यातलं निम्मं किती होईल. अध्यक्ष मोबाइल काढतात, कॅल्क्युलेटर उघडतात, आकडा पाहतात आणि मोबाइल परत खिशात ठेवतात.

एवढ्यात फोन वाजायला लागतात. गुंजाळ्याहून एकीचा: पोरीला कळा येताहेत, 108 ला सांगितलंय, पण गाडी वळणावर आहे, तुम्ही या. दुसरीला सर्वेक्षणाचा आकडा चारच्या आत ॲपवर चढवायचा असतो, आणि रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीपाशी. तिसरीला लसीचा डबा परत पोचवायचा असतो. सतरंजीवरून बाया पदर खोचत उठतात. पाच मिनिटांत झाडाखाली अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि चहावाला उरतात.

अध्यक्ष घड्याळ पाहतात. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि लगेच त्याच जागी पुन्हा भरते. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते, एवढी घटना सचिवांना तोंडपाठ आहे. प्रस्ताव वाचला जातो. सूचक खजिनदार, अनुमोदक सचिव. बाजूने हात तीन, विरोधात शून्य. चहावाल्याचा हात वर असतो, पण तो कपांच्या हिशेबासाठी. इतिवृत्तात लिहिलं जातं: साधकबाधक चर्चेअंती, गैरहजर सदस्यांची संमती गृहीत धरून, ठराव सर्वानुमते मंजूर.

टाकीपाशी आकडा चढवून एक आशाबाई चप्पल शोधत परत येते तेव्हा खजिनदार बुक घेऊन बसलेले असतात.

"झालं का सर? माझी सही राहिली."

"सही उद्या केली तरी चालते, ताई. वर्गणी तेवढी आज द्या."